चिठ्ठीत नसलेलं सांडोर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा हा विषय मनात आला की मी पटकन दुसरंच काहीतरी बोलायला लागते — गुडघे दुखतात, नळाला पाणी येत नाही, असलं. देवालाही गुंडाळते, म्हणजे बघा. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं त्यातल्या त्यात सोपं. सोपं कसलं म्हणा? लिहायला बसल्यापासून तीनदा उठून चहा करून आले.

आधी माझं काम सांगते. मी दहा वर्षं एका आमदाराच्या संपर्क कार्यालयात होते. माणिकपूरला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, तळमजल्याच्या दोन खोल्या आणि दारासमोर रिक्षांची रांग. दाखले, शिफारसपत्रं, गटाराच्या तक्रारी हे सगळं दुसरे बघायचे. माझ्याकडे होती सुखदुःखाची वही. आमच्याकडे आमदाराने रस्ता केला नाही तर लोक एक वेळ चालवून घेतील, पण घरात माणूस गेलं आणि आमदार दारात आला नाही, तर ते तीन पिढ्या उणंदुणं काढत बसतात. म्हणून सकाळी सातपासून माझा फोन सुरू. अर्नाळ्याला कोण गेलं, विरारला कोणाचा दहावा, कुठल्या चर्चमध्ये कोणाच्या मयताला महिना झाल्याची मिस्सा, कुठे हळद, कुठे बारसं. सगळं वहीत उतरवायचं आणि त्यातून त्या दिवसाची एक चिठ्ठी करायची — कुठे, कोण, किती वाजता. साडेआठला सर येत, उभ्याउभ्या चिठ्ठी वाचत, सदऱ्याच्या खिशात टाकत आणि निघत. माझा नवरा म्हणायचा, बायको चित्रगुप्ताच्या हाताखाली नोकरीला आहे. मीही हसायचे. कारण त्या वहीचा मला गर्व होता. दहा वर्षांत एक मयत माझ्याकडून सुटलं नव्हतं.

सर म्हणजे आमदारच. सगळे त्यांना सरच म्हणत, निवडून आल्यावरही. तीस वर्षं इथल्याच शाळेत शिकवलं होतं त्यांनी. पैसा नव्हता, पाठीशी घराणं नव्हतं, भाषण तर असं की समोरच्याला जांभई यावी. पण आठवण! आगाशीच्या बाजारात एखादा टक्कल पडलेला माणूस भाजी घेत उभा असायचा आणि सर मागून त्याच्या खांद्यावर हात टाकायचे — काय रे, तिसऱ्या बाकावरचा ना तू? तुझा धाकटा भाऊ गणितात तुझ्यापेक्षा बरा होता. संपलं. तो माणूस जन्माचा त्यांचा. मतदारयादी म्हणजे सरांचं हजेरीपत्रक, असं विरोधकसुद्धा म्हणायचे. त्यांची सगळी राजकीय कारकीर्द त्या एका आठवणीवर उभी होती, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

पहिल्यांदा ते अपक्ष उभे राहिले तेव्हा सणसणीत आपटले. त्या निवडणुकीत त्यांना प्रचाराला कोणी जागा देईना. शेवटी सांडोरच्या फिलूमावशींनी आपला ओटा दिला. फिलूमावशी म्हणजे त्यांच्या एका विद्यार्थ्याची, पास्कलची आई. केळीची बाग, पाठीमागे विहीर, आणि पुढच्या ओट्यावर सरांच्या पत्रकांचे गठ्ठे. पुढच्या खेपेला एका पक्षाने तिकीट दिलं, सर निवडून आले, मग पुन्हा आले. पण प्रत्येक वेळी अर्ज भरायच्या सकाळी ते आधी सांडोरला जायचे. देवळातून निघालेले असायचे, कपाळावर गंध. मावशी त्या गंधाला धक्का न लावता अंगठ्याने बाजूला क्रूस काढायच्या. आणि म्हणायच्या, “जा आता. पन पडलास तरी जेवायला इकडंच ये.” एवढं झालं की मगच सर अर्ज भरायला जात.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच तर सांगतेय — कोणाचं मयत मी लपवलं, ते मला पुरतं माहीत होतं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, आणि तीच मला झोपू देत नाही. सरांची आई शेवटची काही वर्षं सगळं विसरली होती. रोज संध्याकाळी त्यांना विचारायची, तू कोणाचा रे? सरांनी हे मला एकदा गाडीत सांगितलं होतं, खिडकीबाहेर बघत. म्हणाले, मला मरणाची भीती नाही सुनंदा, ह्याची वाटते. त्यावर मी काय बोलले असेन? साडीचा पदर नीट केला.

आता तो दिवस. माझ्या लेकीचा साखरपुडा होता, आगाशीला, घराजवळच्या हॉलमध्ये. सोयरीक ठाण्याची. मुलगा सोन्यासारखा, पण त्याचे वडील जरा — म्हणजे, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारे. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, आमदारांच्या ऑफिसात तुम्ही नक्की काय करता? मी सांगितलं. ते हसले. म्हणाले, म्हणजे कोण मेलं ते लिहून ठेवता. मग म्हणाले, मग आमदार येतील ना आपल्या कार्याला, की नुसतीच ओळख? माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू. म्हटलं, मुहूर्ताला हजर असतील. दहा वर्षं मी त्या माणसाला लोकांच्या दारात धाडत होते. एकदा माझ्या दारात वेळेवर येऊ दे की!

आणि नेमकं त्या दिवशी पावणेआठला पास्कलचा फोन. हो, लेकीचा साखरपुडा आणि मी ऑफिसात, चिठ्ठीपुरती आलेली. तो एवढंच म्हणाला, “आय गेली, ताई. अकराला मिस्सा. सरांना तेवढं सांगा.” मी म्हटलं, सांगते. फोन ठेवला. चिठ्ठी लिहायची बाकी होती.

मुहूर्त अकरा चाळीसचा.

मी काय काय विचार केला, तुम्हाला वाटतं? काहीच नाही. हातात पेन होतं आणि मी चिठ्ठी लिहिली. विरारला पाणीपुरवठ्याची बैठक. मग आगाशी, साखरपुडा. मग दुपारी नालासोपाऱ्याचं एक लग्न. सांडोर लिहिलं नाही. सर आले, चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघून म्हणाले, आज पहिल्यांदा तुझं नाव चिठ्ठीत! आणि गेले. त्यांना मोबाइलचा कंटाळा. फोन ड्रायव्हरकडे असायचा आणि बैठकीत तोही बंद. सांगणारं कोणी होतं तर मीच होते.

खरं सांगू? मी सांगितलं असतं तरी ते आले असते. आधी सांडोरला गेले असते, मिस्सेला बसले असते, माती दिली असती आणि तिथून आगाशीला आले असते, जेवणं चाललेली असताना. तास-दीड तास उशीर. म्हणजे मी फिलूमावशींच्या मयताचा जो सौदा केला तो एका तासासाठी. व्याही मुहूर्ताला बघतील म्हणून.

त्यांनी बघितलं. सर अगदी वेळेवर आले, लेकीला पेढा भरवला, व्याह्यांच्या मामाला त्याच्या शाळेचं नाव विचारून त्याच्या हेडमास्तरांची आठवण करून दिली. व्याही नरमले ते आजतागायत नरमच आहेत. फोटोत सर माझ्या शेजारी उभे आहेत आणि हसताहेत. त्याच वेळी तिकडे त्यांच्या फिलूमावशीला कबरीत उतरवत होते. तो फोटो लेकीच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. मी तिच्याकडे गेले की पाठ त्या भिंतीकडे करून बसते.

इथवरचं कदाचित तुम्ही पोटात घालाल. मीही घातलं असतं. एखाद्या बाईने लेकीच्या कार्यापायी एक निरोप दाबला, ठीक आहे, माणूस आहे. पण मला कबूल करायचंय ते हे नाही. ते पुढेच आहे.

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात आले ते बसलेच नाहीत. त्यांना सकाळी बाजारात कोणीतरी सांगितलं होतं. तसेच सांडोरला जाऊन आले होते, चपलांना बागेतला चिखल होता. म्हणाले, “फिलूमावशी गेल्या, सुनंदा. पास्कल म्हणतो, त्याने इथे फोन केला होता.” आणि मग ते म्हणाले — त्यांनी स्वतःच म्हटलं हो, माझ्या तोंडात घास घालावा तसं — “काल तुझ्या घरी कार्य होतं. राहून गेलं असेल तुझ्याकडून.”

काय लागत होतं? ‘हो’, एवढंच म्हणायचं. अर्धं खोटं चाललं असतं. ते रागावलेही नसते. पण दहा वर्षांत माझ्याकडून एक मयत सुटलं नव्हतं ना! त्या वहीचा तोरा होता ना! आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला वाटलं ‘राहून गेलं’ म्हटलं की त्यांना सगळंच कळेल. जिभेला हाड नसतं. मी म्हटलं, “मी सांगितलं होतं तुम्हाला, सर. चिठ्ठी दिल्यावर फोन आला, म्हणून तोंडी सांगितलं. तुम्ही पायरीवर होतात. बरं म्हणालात.”

मी त्यांचा चेहरा बघितला. राग नव्हता त्यावर, शंकाही नव्हती. माझ्यावर शंका घ्यायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी शंका घेतली ती स्वतःवर. खुर्चीचा हात धरून हळूच बसले आणि म्हणाले, “मी बरं म्हणालो?”

मी म्हटलं, हो.

मग ते घरी गेल्यावर मी वही काढली आणि आदल्या दिवसाच्या पानावर तळाशी फिलूमावशींचं नाव लिहिलं. कोणी मागितलीच वही तर असावं म्हणून. कोणी मागितली नाही.

महिन्याच्या मिस्सेला मी त्यांच्यासोबत गेले. मिस्सा झाल्यावर सगळे मावशींच्या घरी आले होते, ओटा माणसांनी भरलेला. पास्कल सरांशी धड बोलत नव्हता. सर त्या ओट्यावर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “मला निरोप मिळाला होता. मी विसरलो. ऑफिसची काही चूक नाही, माझी आहे.” माझ्या हातात फुलं होती. एका म्हाताऱ्या बाईने डोळ्याला पदर लावला. पास्कल म्हणाला, “जाऊ द्या सर, वय झालं आता तुमचं.” तो चांगुलपणाने म्हणाला. मी तिथेच, त्यांच्यापासून दोन हातांवर होते. तेव्हा बोलायचं नाही तर कधी बोलायचं? पण मी फुलं दिली, चहा घेतला आणि परत आले.

ती बातमी गावोगाव गेली. जाणारच, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं त्यांनी. समोरच्या पक्षाचे लोक सभेत म्हणायला लागले, मावशीला विसरले ते तुम्हाला काय लक्षात ठेवणार? पण ते सोसलं असतं सरांनी. खरं वाईट झालं ते आतून. आधी माणूस दिसला की नाव तोंडातून आपोआप यायचं त्यांच्या. आता ते थबकायचे. नाव यायचंच, मला दिसायचं ओठांवर आलेलं, पण त्यांना भरवसाच वाटेना. चुकलं तर? मग ते म्हणायचे, आपलं नाव? आणि समोरच्याचा चेहरा पडायचा. ज्याला सरांनी छड्या मारल्या, डबा खाऊ घातला, त्याला सर विचारताहेत आपलं नाव! हळूहळू ते मला जवळ उभं करायला लागले. मी कानात नाव सांगायचे, की ते बोलायचे. एकदा म्हणाले, आता तूच माझी आठवण. आणि — हेही लिहूनच टाकते — मला ते आवडलं. आधी मी वही सांभाळणारी होते, आता आमदारांच्या शेजारी चालायचे. लोक मला नमस्कार करायला लागले. घरी येऊन मी नवऱ्याला ते रंगवून सांगायचे.

डॉक्टरांकडेही जाऊन आले ते. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, शब्द पाठ करायला लावले, उलटे आकडे मोजायला लावले, आणि म्हणाले, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. सर बाहेर आले आणि म्हणाले, आईच्या डॉक्टरांनीही आधी असंच म्हटलं होतं. मी म्हटलं, काळजी करू नका सर, मी आहे ना.

तिकिटांची वेळ आली. पक्षाला सरच हवे होते. वरून फोन आले, माणसं येऊन गेली. सर कोणाला काही बोलले नाहीत. एका सकाळी मला म्हणाले, पत्र टाइप कर. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. मला या वेळी उमेदवारी देऊ नये. पुढच्या वाक्याला अडले. म्हणाले, स्मरणशक्तीच्या कारणास्तव लिहू, की प्रकृतीच्या? मी कळफलकावरची बोटं उचलली नाहीत. म्हटलं, प्रकृती लिहा सर, बरं दिसतं. ते म्हणाले, बरोबर आहे तुझं. दोन प्रती काढल्या, त्यांनी सही केली. छान, मोठ्या अक्षरातली सही.

एका वाक्याचं काम होतं. ते पत्र फाटलं असतं. माझी नोकरी गेली असती, लेकीच्या सासरी तोंड दाखवायला जागा राहिली नसती — खरंच राहिली नसती का? कोण जाणे. मी एवढा विचारही केला नाही. मी पाकिटावर पत्ता लिहिला.

तिकीट दुसऱ्याला मिळालं, तो पडला, ऑफिस बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. सर घरीच असायचे. दर रविवारी मी जायचे, वहिनींना भाजी नेऊन द्यायचे. वहिनी म्हणजे त्यांच्या मिसेस. त्या सांगायच्या, दिवसभर जुन्या वर्गांची नावं लिहीत बसतात, हजेरीसारखी. चुकतं का काही, म्हणून मला तपासायला लावतात. मला कुठे ती मुलं माहीत? सर माझ्याकडे बघून कसनुसं हसायचे.

गेल्या वर्षी त्यांना दवाखान्यात ठेवलं. हृदयाचं होतं. डोक्याचं काहीच नव्हतं, शेवटपर्यंत नव्हतं. मी गेले तेव्हा वहिनी औषधं आणायला खाली उतरल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. सरांनी मला बसायला सांगितलं आणि एका वर्गाची हजेरी म्हणायला लागले, पहिल्या नंबरापासून. अडतीस नावं, न अडखळता. पास्कलचं नाव मध्ये आलं. मग थांबले, दम खाल्ला.

“सगळं आठवतं गं,” म्हणाले. “फक्त ती एक सकाळ सापडत नाही. किती वर्षं शोधतोय. तू हिरवी साडी नेसली होतीस, केसात अबोलीचा गजरा होता. चिठ्ठीत तुझं नाव होतं, मी तुला चिडवलं. बाहेर एक रिक्षा आडवी लागली होती. पायरीवर आलो. मग तू म्हणालीस — काय म्हणालीस गं? तेवढंच नाही आठवत.”

हिरवीच साडी होती. रिक्षाही आडवी होती.

अशा वेळी तरी माणूस काय करेल? मरणाला टेकलेल्या माणसाला खरं सांगेल, पाय धरेल. मी असं केलं — मी ते वाक्य त्यांना दिलं. म्हटलं, “मी म्हणाले, सर, फिलूमावशी गेल्या, अकराला मिस्सा आहे.”

त्यांनी डोळे मिटले. मग त्यांचा चेहरा सैल झाला आणि ते म्हणाले, “हां. आलं. आलं लक्षात. मी बरं म्हणालो होतो.”

चार दिवसांनी सर गेले. गर्दी पुष्कळ होती, सांडोरहून पास्कल आला होता, त्याने खांदा दिला. माझ्या शेजारी दोघं जण बोलत होते, काय माणूस होता, पण शेवटी विसरायला लागला होता बिचारा. मी ऐकलं आणि पदर डोक्यावरून घेतला.

ते काहीही विसरले नव्हते. मी त्यांना सांगितलंच नव्हतं.